रिमोट कामाच्या व्हिसासाठी नागपुरातील सल्लागार : कागद चोख, नियम शिळे

घरबसल्या परदेशी कंपनीचे काम करणाऱ्यांना त्याच कामासह परदेशी राहायला जाता यावे, म्हणून व्हिसाची सगळी प्रक्रिया करून देणारी एक सेवा मी गेल्या वर्षी पश्चिम नागपुरातील एका सल्लागार कार्यालयाकडून घेतली. त्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही. ज्याला अशी सेवा घ्यायची आहे त्याला नावापेक्षा, पैसे भरण्याआधी कशाची चौकशी करायची हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. कागदपत्रे जुळवण्याच्या कामात हे लोक इतके तरबेज आहेत की त्यासाठी मोजलेला पैसा वसूल होतो. मात्र कोणत्या देशात कोणत्या अटीवर जाता येईल, याबाबतचा त्यांचा सल्ला भरवशाचा नाही, आणि या व्यवहारात जोखीम असते ती नेमकी तेथेच.

माझी परिस्थिती थोडक्यात अशी. आयर्लंडमधील एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी तांत्रिक दस्तऐवज लिहिते. मी त्यांची नोकरदार नाही, कंत्राटावर काम करते, आणि गेल्या वर्षाच्या सुरुवातीला माझे मासिक मानधन ३४०० युरो होते. यजमान नागपुरातच नोकरीला आहेत आणि मुलगी शाळेत आहे. काही वर्षे युरोपात राहून हेच काम करावे, आधी मी जावे आणि मग दोघांनी यावे, असा आमचा विचार होता.

ज्यांना या व्हिसाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की ही सोय फार जुनी नाही. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे दुसऱ्या देशातील काम करत तेथे राहू देणारा व्हिसा, सुरू केला, बार्बाडोसने त्याच्या थोडे आधी आपली योजना आणली, आणि करोनाच्या काळात रिकामी पडलेली शहरे पाहून एकामागून एक देश या रांगेत येऊन उभे राहिले. बहुतेक ठिकाणी मूळ अट एकच असते : अर्जदाराचे उत्पन्न देशाबाहेरून येत असले पाहिजे आणि ते एका ठरावीक रकमेपेक्षा कमी असता कामा नये. गोम आहे ती या रकमेत. एस्टोनियाने सुरुवातीला महिन्याला ३५०४ युरो मागितले होते, पुढे ते ४५०० झाले. क्रोएशियाने ही रक्कम देशातील सरासरी निव्वळ वेतनाच्या अडीच पटीला बांधली असल्यामुळे वेतने वाढली की अटही आपोआप वाढते. मलेशियाच्या डी-रांताऊ पासमध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातील लोकांना वर्षाला २४ हजार डॉलर पुरतात, पण २०२४ मध्ये इतर व्यवसायांना दार उघडले तेव्हा त्यांच्यासाठी ६० हजारांची अट घातली गेली. सगळे बदल वरच्याच दिशेने झाले असेही नाही, कारण दुबईने आरंभी महिन्याला ५००० डॉलर मागितले होते आणि नंतर ती अट ३५०० वर आली. अशा क्षेत्रात सल्लागाराची खरी किंमत, आज दाखल होणाऱ्या अर्जाला आजचा आकडा त्याला माहीत आहे की नाही यावरच ठरते.

कार्यालय मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवरील एका स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे, स्वागतकक्ष प्रशस्त आहे आणि पहिल्या भेटीचे शुल्क घेत नाहीत. भिंतीवर देशांची मोठी यादी लावलेली होती आणि तिच्यात जपानचे नाव ठळक होते. जपानने ३१ मार्च २०२४ पासून सहा महिन्यांचा नोमॅड व्हिसा सुरू केला हे खरे आहे आणि त्यासाठी वर्षाला एक कोटी येन उत्पन्न लागते हेही खरे आहे, परंतु तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या देशांत भारत नाही. भारतीय पारपत्र घेऊन आलेल्या माणसाला ही पाटी काय कामाची, असे विचारल्यावर समोरच्या तरुण अधिकाऱ्याने मोकळेपणाने सांगितले की ती छापील सामग्री मुख्य कार्यालयातून येते. त्याच भेटीत थायलंडच्या डीटीव्ही या अशाच कामासाठीच्या व्हिसाची माहिती मात्र त्यांनी अचूक दिली. हा व्हिसा जुलै २०२४ पासून मिळतो, पाच वर्षांसाठी असतो, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येते, खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, आणि त्यातून कायमच्या वास्तव्याकडे वाट जात नाही, हे सारे त्यांनी न विचारता सांगितले. नुसती विक्री करायची असती तर शेवटचे वाक्य त्यांनी गिळले असते.

मी पोर्तुगाल निवडला, आणि माझी मुख्य तक्रार येथूनच सुरू होते.

पोर्तुगालचा डी-८ व्हिसा, म्हणजे तेथील नोमॅड व्हिसा, ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. त्याची उत्पन्नाची अट देशाच्या किमान वेतनाच्या चौपट आहे आणि मागील तीन महिन्यांची सरासरी पाहिली जाते. २०२४ मध्ये किमान वेतन ८२० युरो होते, म्हणजे अट ३२८० युरोंची. माझे मानधन ३४०० असल्यामुळे मी आरामात बसत होते. कार्यालयाने दिलेल्या छापील तपासणी यादीतही ३२८० हाच आकडा होता, आणि ती यादी मला मिळाली २०२५ च्या फेब्रुवारीत. १ जानेवारी २०२५ पासून पोर्तुगालचे किमान वेतन ८७० युरो झाले होते आणि अट ३४८० वर गेली होती. अवघ्या ऐंशी युरोंनी मी बाहेर पडले होते आणि माझी फाइल हाताळणाऱ्या कोणाच्याही ते गावी नव्हते. करारावर सही करण्यापूर्वी पोर्तुगाल सरकारच्या संकेतस्थळावर जाऊन मी तो आकडा पडताळला म्हणून हे उघडकीस आले. नाही तर पहिला हप्ता भरून, नाकारलाच जाणार असा अर्ज मी तयार करत बसले असते.

विचारणा केल्यावर आलेले उत्तर जसेच्या तसे देते : ‘‘मॅडम, नियम रोजच बदलून राहिले, आम्ही तरी किती पाहणार?’’ हे उत्तर मला मान्य नाही आणि त्याचे कारण साधे आहे. हा बदल अचानक झालेला नव्हता. पोर्तुगालमध्ये सरकार, उद्योजक आणि कामगार संघटना यांच्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या करारात पुढील चार वर्षांचे किमान वेतन जाहीर झाले होते : २०२५ ला ८७०, २०२६ ला ९२०, २०२७ ला ९७० आणि २०२८ ला १०२०. त्याची चौपट करायला शाळकरी गणित पुरते. येणाऱ्या वर्षांत ही अट ३६८०, ३८८० आणि ४०८० युरोंवर जाणार, हे ज्याला आधीच सांगता येत नाही त्याने ‘देशनिवड सल्ला’ या शीर्षकाखाली वेगळी रक्कम आकारू नये. त्याच पुस्तिकेत पोर्तुगालच्या स्थलांतर खात्याचा उल्लेख ‘सेफ’ असा होता. ते खाते २९ ऑक्टोबर २०२३ रोजी बंद होऊन त्याच्या जागी ‘आयमा’ ही संस्था आली आहे. पुस्तिका किती जुनी आहे हे एवढ्यावरूनच कळते.

चूक दाखवल्यावर त्यांनी घाईघाईने स्पेनचा पर्याय पुढे केला. स्पेनचा नोमॅड व्हिसा डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या स्टार्टअप कायद्यातून आला आणि त्याची अट किमान वेतनाच्या दुप्पट एवढीच आहे. स्पेनमध्ये किमान वेतन वर्षाला चौदा हप्त्यांत मोजतात. २०२५ साठी ११८४ युरोंचे चौदा हप्ते धरून त्याची बारा महिन्यांवर विभागणी केली की महिन्याला १३८१ युरो पडतात आणि दुप्पट साधारण २७६३ होते. एकटीसाठी माझे उत्पन्न भरपूर होते. पण जोडीदारासाठी आणखी पाऊणपट, म्हणजे १०३६, आणि मुलीसाठी पावपट, म्हणजे ३४५ युरो त्यात मिळवले की बेरीज ४१०० च्या वर जाते. कार्यालयाच्या पत्रकात फक्त पहिला आकडा होता. कुटुंबाचे काय, असे विचारेपर्यंत उरलेले दोन कोणी सांगितले नाहीत.

याहून मोठी अडचण सामाजिक सुरक्षेची होती. एरवी पत्रकात एका ओळीत उरकली जाणारी ही बाब नागपुरातील अनेकांना अडवू शकते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. स्पेन अर्जदाराला विचारतो की तुमची सामाजिक सुरक्षेची, म्हणजे निवृत्तिवेतन वगैरेंसाठीची, वर्गणी कोठे भरली जाते. ज्या देशांशी स्पेनचा याबाबत करार आहे तेथील नोकरदार आपल्या देशाचे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. भारतात असे प्रमाणपत्र भविष्य निर्वाह निधी संघटना देते, पण ते करार झालेल्या देशांपुरतेच चालते. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स आणि पोर्तुगाल या देशांशी भारताचा करार आहे. मी चौकशी करत होते तेव्हा स्पेनशी नव्हता. त्यामुळे नागपुरातील मिहान औद्योगिक क्षेत्रातील किंवा आयटी पार्कमधील एखाद्या भारतीय कंपनीचा नोकरदार ‘वरिष्ठांची परवानगी आहे, स्पेनमधून काम करीन’ असे म्हणून अर्ज करू लागला तर प्रमाणपत्रापाशीच अडतो. कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून तेथे वर्गणी भरण्याची हमी दिली तरच गाडी पुढे सरकते आणि एका कर्मचाऱ्यासाठी एवढा खटाटोप सहसा कोणती कंपनी करत नाही. माझ्यासारख्या कंत्राटी माणसाला स्पेनमध्ये जाऊन स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी करण्याचा मार्ग खुला असतो. सल्लागाराने पहिल्याच भेटीत ‘तुम्ही नोकरदार की कंत्राटदार’ एवढा एक प्रश्न विचारून हा फरक सांगायला हवा होता. माझ्यासमोरच एका तरुणाला, तो भारतीय कंपनीत नोकरीला असल्याचे ऐकूनही, स्पेनचे पत्रक देण्यात आले.

शेवटी मी पोर्तुगालवरच ठाम राहिले, कारण वार्षिक आढाव्यात माझे मानधन एप्रिलपासून ३६०० युरो होणार होते. तीन महिन्यांची सरासरी भरली की २०२५ ची अट पूर्ण होत होती, मात्र अर्ज वर्ष सरण्यापूर्वी दाखल होणे आवश्यक होते, कारण नव्या वर्षाच्या ३६८० च्या अटीत मी पुन्हा ऐंशी युरोंनीच कमी पडले असते. हे वेळापत्रक मी आखले आणि सल्लागाराने मान डोलावली.

यानंतरच्या कामाबद्दल मात्र मला चांगलेच लिहावे लागेल, आणि ते मी हात राखून लिहिणार नाही.

आपल्याकडील कागदपत्रांतील नावांचा गुंता परदेशी अधिकाऱ्याला समजावणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि माहेरचे नाव, पॅन कार्डावर वेगळा क्रम, तर पारपत्रावर यजमानांच्या नावासह लग्नानंतरचे नाव. त्यातच गुणपत्रिका ‘नागपूर विद्यापीठ’ या नावाच्या आणि पदवी प्रमाणपत्र ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ या नावाचे, कारण २००५ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि माझे शिक्षण नेमके त्या सांध्यावरचे आहे. लिस्बनमध्ये बसलेल्या माणसाला ही दोन विद्यापीठे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. फाइल सांभाळणाऱ्या ताईंनी हे माझ्याआधी हेरले. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नावांच्या सर्व रूपांचा उल्लेख असलेले प्रतिज्ञापत्र, त्याला जोडून महानगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि विद्यापीठाच्या नावातील बदलाचा खुलासा करणारे एक पानी पत्र, अशी मांडणी त्यांनी केली आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने लिहिले की हा कागद कोणत्या शंकेचे उत्तर आहे. त्यानंतर राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, हा क्रम त्यांनी कोठेही चुकू दिला नाही. अपोस्टिलचे मंत्रालयाचे मूळ शुल्क दस्तऐवजामागे अवघे ५० रुपये आहे आणि कार्यालय त्याच्या अनेक पटींनी घेते, हे खरे. पण मुंबईच्या फेऱ्या वाचतात, म्हणून ते मला खटकले नाही.

प्राप्तिकराच्या कागदांत तर त्यांनी खरी कसब दाखवली. माझ्यासारखे व्यावसायिक तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली विवरणपत्र भरत, म्हणजे एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवत. वर्षाला जमा झालेले सुमारे ३६ लाख रुपये विवरणपत्रात उत्पन्न म्हणून १८ लाखांच्या आसपास दिसतात. परदेशी अधिकाऱ्याने तेवढाच आकडा वाचला तर अर्जदार अटीच्या अर्ध्यावर असल्याचे त्याला वाटणार. कार्यालयाच्या सनदी लेखापालांनी एकूण जमा आणि अनुमानित नफा यांतील फरक सांगणारे प्रमाणपत्र तयार केले, त्याला प्रत्येक महिन्याच्या रकमेची बँकेची आवक सूचना आणि आयर्लंडच्या कंपनीचे पत्र जोडले आणि सगळ्याचा एक तक्ता केला. त्यात तारीख, युरोतील रक्कम, रुपयांतील रक्कम आणि बँक विवरणातील पान क्रमांक अशा चारच रकाने होते. कर निवासाच्या प्रमाणपत्रासाठी लागणारा नमुना १०एफए त्यांनीच भरला आणि सिव्हिल लाइन्समधील आयकर भवनात पाठपुरावाही केला. नागपुरात राहून युरोमध्ये कमावणाऱ्या कोणाच्याही मार्गात ही अडचण येणार आहे, आणि ती इतक्या स्वच्छपणे सोडवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पोलीस पडताळणी प्रमाणपत्राचा अर्जही त्यांनी आधी करू दिला नाही. ते लवकर शिळे होते, म्हणून बाकीचे सगळे तयार झाल्यावरच त्यांनी तो करायला लावला.

व्हिसा मिळाला. मिळाला तो डी-८ चा प्रवेश व्हिसा, चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा. प्रत्यक्ष वास्तव्य परवाना पोर्तुगालमध्ये पोहोचल्यावर आयमाकडून घ्यायचा असतो आणि त्या संस्थेकडे प्रलंबित अर्जांचा ढीग आहे हे जगजाहीर आहे. पुढे काय करायचे याबाबत कार्यालयाची सेवा विमानतळावर संपते. करारात तसे लिहिलेले आहे, म्हणून ती तक्रार होऊ शकत नाही. तक्रार वेगळी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोर्तुगालने परकीयांविषयीचा कायदा कडक केला आणि कुटुंबाला मागाहून बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. तिला अपवाद आहेत. त्यांतला कोणता माझ्या मुलीला आणि यजमानांना लागू पडतो, हा माझा प्रश्न होता. आधी मी आणि मग दोघे, ही आमची सगळी आखणी त्या उत्तरावर उभी होती. त्याचे उत्तर कार्यालयातून आले नाही, आले ते फक्त ‘‘काळजी करू नका, होऊन जाईल’’ असे आश्वासन. मी लिस्बनमधील एका वकिलाकडून लेखी सल्ला घेतला. तेथील वकिलाची नोंद त्यांच्या वकील परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते, नागपुरातील व्हिसा सल्लागाराबाबत तशी तपासणी करण्याजोगी नोंदवही मला आढळली नाही.

शुल्काबद्दल. सेवेचे ८५ हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, असे तीन हप्त्यांत घेतात : सही करताना, फाइल पूर्ण झाल्यावर आणि अर्ज दाखल करताना. दूतावासाचे शुल्क, विमा आणि प्रमाणीकरणाचा खर्च वेगळा. मूळ करारात ‘नियमांत बदल झाल्यास कार्यालय जबाबदार नाही’ असे सरसकट कलम होते. किमान वेतनाच्या प्रकरणानंतर मी ते दुरुस्त करून मागितले, आणि सही करण्यापूर्वी जाहीर झालेल्या बदलांना हे कलम लागू होणार नाही असे वाक्य त्यांनी थोड्या नाराजीने का होईना, घातले. देशनिवड सल्ल्याचे वेगळे १५ हजारही त्यांनी वजा केले. म्हणजे मागितले तर मिळते. नव्या ग्राहकाने ती सेवा घेऊच नये. देश आणि व्हिसाचा प्रकार स्वतः त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून ठरवावा, कुटुंबाचा प्रश्न असेल तर तेथील वकिलाला तासाभराचे शुल्क देऊन विचारावे आणि येथे फक्त फाइल बांधून घ्यायला जावे. तशी विभागलेली सेवा ते देतात, पत्रकात तिचा उल्लेख नसला तरी. गेलात तर फाइल विभागातील ताईंकडेच काम सोपवण्याचा आग्रह धरा. पुढच्या दालनातील विक्री प्रतिनिधी बोलण्यात गोड असले, तरी प्रमाणपत्रावरचे नाव आणि पारपत्रावरचे नाव शेजारी ठेवून वाचणारी व्यक्ती मागच्या खोलीत बसते.